आरक्षक भरतीचे गुण आणि हायकोर्ट : इंदूरहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य प्रदेश पोलिसांच्या आरक्षक (म्हणजे शिपाई) किंवा उपनिरीक्षक भरतीचा निकाल लागला की तेच ते प्रश्न येऊ लागतात. भंवरकुआँच्या कोचिंगमधली मुलं विचारतात, रामबागेतले पालक विचारतात, बुऱ्हाणपूर-खरगोनहूनही विचारणा होते. सगळ्यांच्या बोलण्यात एक वाक्य असतंच : "एका नंबरने राहिलो, केस होईल का?" खाली एकेक घेतलं आहे. वाचताना तुमच्या भरतीची नियमपुस्तिका शेजारी उघडी ठेवा, कारण तारखा, शुल्क आणि टक्केवारी दर भरतीला बदलतात.

१. भरती पोलिसांची, मग केस कोणावर करायची?

लेखी परीक्षा पोलीस घेत नाहीत. ती भोपाळचं कर्मचारी चयन मंडळ घेतं. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'व्यापम'च आहे. मंडळ गुण आणि यादी तयार करतं, नेमणूक पोलीस मुख्यालय करतं. म्हणून याचिकेत गृह विभागामार्फत राज्य सरकार, पोलीस मुख्यालय आणि मंडळ असे तिघेही प्रतिवादी लागतात. तुमचे गुण वाढल्यामुळे ज्यांची निवड धोक्यात येईल त्यांनाही, निदान त्यांच्यातल्या काहींना, प्रतिवादी करावं लागतं. ते राहिलं तर "ज्यांचं नुकसान होणार त्यांना न ऐकता आदेश कसा द्यायचा?" या एका मुद्द्यावर चांगली केस अडते.

२. आन्सर की चुकली आहे. सरळ कोर्टात जाऊ का?

नाही. आधी आपत्ती, म्हणजे हरकत, लावा.

संगणकावरची परीक्षा झाल्यावर मंडळ तुमची रिस्पॉन्स शीट (तुम्ही निवडलेली उत्तरं) आणि तात्पुरती उत्तरतालिका, म्हणजेच आन्सर की, टाकतं. त्यानंतर मोजके दिवस ऑनलाइन आपत्ती घेतली जाते. खिडकी बंद झाली की मंडळ काहीही ऐकत नाही, आणि पुढे न्यायाधीशांचा पहिला प्रश्न हाच असतो : "आपत्ती कधी घेतली होती?" दर प्रश्नामागे शुल्क लागतं, पण ते छप्पन दुकानच्या, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीच्या, एका फेरीपेक्षा कमीच पडतं. तरी मुलं तिथे पैसे वाचवतात आणि नंतर वकिलाकडे हजारो मोजतात. याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आपत्ती लिहायची कशी हेही सांगतो, कारण निम्म्या आपत्त्या नुसत्या 'उत्तर चूक आहे' एवढ्याच असतात. प्रश्नाचा क्रमांक आणि शिफ्ट लिहा. मंडळाचं उत्तर आणि तुमचं उत्तर लिहा. मग पुरावा जोडा : एनसीईआरटीचं किंवा राज्य पाठ्यपुस्तक निगमचं पान, सरकारी राजपत्र, जनगणनेचा तक्ता. कोचिंगच्या नोट्स, यूट्यूबवरच्या सरांचा व्हिडिओ आणि गाइड यांना तज्ज्ञ समिती किंमत देत नाही, कोर्ट तर नाहीच. पुस्तकाचं मुखपृष्ठ, आवृत्तीचं वर्ष आणि नेमकं पान असे तीन फोटो पुरतात.

आपत्ती भरल्याची पावती, शुल्क कापल्याचा मेसेज आणि रिस्पॉन्स शीटची पीडीएफ त्याच दिवशी स्वतःला मेल करून ठेवा. काही दिवसांनी लिंक बंद होते, आणि मग मुलं एकमेकांचे स्क्रीनशॉट मागत फिरतात.

३. हायकोर्ट माझा पेपर पुन्हा तपासून देईल का?

देणार नाही. नियमांत फेरतपासणीची सोय नसेल तर ती हक्क म्हणून मागता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८४ पासून सांगितलं आहे. सध्या प्रत्येक सरकारी वकील ज्या निकालावर बोट ठेवतो तो म्हणजे रणविजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, डिसेंबर २०१७. त्याचं सार असं : उत्तरतालिका बरोबर आहे असं धरून चालायचं, न्यायाधीशांनी स्वतः उत्तरं तपासायची नाहीत, तर्क लढवावा न लागता चूक स्पष्ट दाखवता आली तरच, आणि तेही विरळा प्रसंगी, हस्तक्षेप करायचा, शंका उरली तर फायदा परीक्षा मंडळाला द्यायचा, उमेदवाराला नाही.

शेवटचं वाक्य मुलांना पटत नाही. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, मग इथे उलटं का, असं ती विचारतात. कारण एवढंच की एका प्रश्नामुळे लाखो उमेदवारांची यादी हलते, आणि विषयातलं ज्ञान न्यायाधीशांकडे नसून तज्ज्ञांकडे असतं. मला हा नियम थोडा कडक वाटतो, विशेषतः तज्ज्ञ समिती आपली कारणं उघड करत नाही तेव्हा. पण केस याच नियमावर चालते.

कोर्टाला खरोखरच शंका आली तर ते बाहेरच्या तज्ज्ञांना विचारतं. २०२४ च्या नीट परीक्षेत भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन पर्याय बरोबर धरले होते. सुप्रीम कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत मागवलं. त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला आणि दुसरा पर्याय निवडलेल्यांचे गुण कापले गेले. म्हणजे केसमुळे गुण कमीही होऊ शकतात, हे धरूनच पुढे जा.

४. 'स्पष्ट चूक' म्हणजे नेमकी किती स्पष्ट?

दोन प्रश्न कल्पून पाहू.

पहिला : एका वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी वाढली, मग २० टक्क्यांनी घटली, तर एकूण फरक किती? उत्तरतालिका म्हणते 'काही फरक नाही'. शंभराचे एकशेवीस होतात, एकशेवीसचे २० टक्के २४, उरले ९६. म्हणजे ४ टक्क्यांची घट. इथे कोणाचं मत विचारायचं कारणच नाही. कोर्टात चालते ती अशी चूक.

दुसरा : होळकरांची राजधानी कोणती? पर्यायांत इंदूरही आहे आणि महेश्वरही. तालिका म्हणते इंदूर, तुम्ही महेश्वर लिहिलंत. अहिल्याबाईंच्या काळात महेश्वर आणि १८१८ नंतर इंदूर, म्हणून दोन्ही बरोबर, असं तुमचं म्हणणं. मराठी घरातल्या कोणालाही ते पटेल. पण 'प्रश्नात काळ दिलेला नाही, म्हणून दोन अर्थ निघतात, म्हणून…' असं तीन पायऱ्यांनी समजावावं लागलं की कोर्ट म्हणणार, हा तर्क झाला. असे प्रश्न आपत्तीच्या वेळी मंडळासमोर जिंकता येतात, कारण दोन पर्याय बरोबर असले तर प्रश्न रद्द करण्याची सोय नियमपुस्तिकेतच असते. हायकोर्टात त्यांची बाजू लंगडी पडते. म्हणून प्रश्न २ मधली खिडकी चुकवू नका.

५. प्रश्न रद्द झाला आणि माझं उत्तर तर बरोबर होतं. माझे गुण गेले का?

अंशतः गेले. मंडळाच्या पद्धतीत रद्द प्रश्नांचे गुण सरसकट सगळ्यांना वाटले जात नाहीत. उरलेल्या प्रश्नांतल्या कामगिरीच्या प्रमाणात एकूण गुण काढले जातात. १०० प्रश्नांतले २ रद्द झाले आणि उरलेल्या ९८ पैकी ७२ बरोबर असतील, तर ७२ गुणिले १०० भागिले ९८, म्हणजे ७३.४७.

आता दोन मैत्रिणी घ्या. एकीचे आधी ७४ होते, त्यांत रद्द झालेले दोन्ही प्रश्न बरोबर होते. तिचे झाले ७३.४७. दुसरीचे ७३ होते, रद्द झालेले दोन्ही तिचे चुकले होते. तिचे झाले ७४.४९. क्रम उलटला! पहिलीला हा अन्यायच वाटणार. पण चुकीचे प्रश्न काढून टाकून सगळ्यांना एकच नियम लावणं कोर्टांनी मान्य केलं आहे. त्यामुळे 'मला वेगळा गुण द्या' ही मागणी टिकत नाही. प्रश्न रद्द करण्यालाच आव्हान द्यायचं असेल, तर तो प्रश्न आणि त्याचं मूळ उत्तर निर्विवाद बरोबर होतं हे प्रश्न ४ मधल्या मापाने दाखवावं लागेल.

६. नॉर्मलायझेशनमध्ये माझे गुण घटले. हे कायदेशीर आहे का?

पद्धत म्हणून, हो. परीक्षा अनेक दिवस, अनेक शिफ्टमध्ये चालते, पेपर वेगवेगळे असतात, म्हणून कठीण-सोप्या शिफ्टमधला फरक सूत्राने सारखा केला जातो. उत्तर प्रदेशच्या २०१६ च्या उपनिरीक्षक भरतीत यावरून वाद झाला होता. किमान पात्रता गुणांसाठी मूळ गुण धरायचे की नॉर्मलाइज्ड, असा मुद्दा होता. अलाहाबाद हायकोर्टाने भरती मंडळाच्या विरोधात निकाल दिला होता. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये तो फिरवला आणि मंडळाची पद्धत ग्राह्य धरली.

आपल्याकडे लोकांचा विश्वास डळमळला तो डिसेंबर २०२४ मध्ये. वनरक्षक आणि जेल प्रहरी (तुरुंग रक्षक) भरतीच्या निकालात एका उमेदवाराला १०० पैकी १०१.६६ गुण मिळाले आणि इंदुरात मुलं रस्त्यावर उतरली. शंभरातून एकशे एक हे ऐकायला हास्यास्पद आहे, पण अशा सूत्रात कठीण शिफ्टमधल्या अव्वल उमेदवाराचे गुण शंभरापलीकडे जाऊ शकतात. तेवढ्यावरून सूत्र बेकायदा ठरत नाही.

मग आव्हान कशाला देता येतं? सूत्र नियमपुस्तिकेत आधी जाहीर न करता नंतर लावलं असेल, जाहीर केलेलं सोडून दुसरंच लावलं असेल, किंवा आकडेमोडीतच चूक असेल तर. 'माझी शिफ्ट कठीण होती' एवढं पुरत नाही. ते तर प्रत्येकालाच वाटतं.

७. माझी उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात मिळेल का?

स्वतःची मिळते. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. मात्र २०१८ मध्ये यूपीएससीच्या प्रकरणात मूळ गुण आणि मोजणीचा तपशील आपोआप देण्यास नकार दिला. म्हणून अर्जात 'सगळी माहिती द्या' असं न लिहिता नेमकं मागा : माझी रिस्पॉन्स शीट, अंतिम उत्तरतालिका, माझ्या शिफ्टमधले रद्द प्रश्न, माझे मूळ आणि नॉर्मलाइज्ड गुण.

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, दुसरं भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे. माहितीच्या उत्तराची वाट पाहत याचिका लांबवू नका. का ते प्रश्न १० मध्ये आहे.

८. केस इंदूरला करायची की जबलपूरला?

हायकोर्टाचं मुख्य पीठ जबलपूरला, खंडपीठं इंदूर आणि ग्वाल्हेरला. इंदूर खंडपीठाकडे इंदूर, उज्जैन, देवास, धार, झाबुआ, रतलाम, मंदसौर, शाजापूर, राजगड, खरगोन आणि या जिल्ह्यांतून पुढे वेगळे झालेले जिल्हे येतात. तुम्ही इथले रहिवासी असाल आणि परीक्षाही इथेच दिली असेल तर एमजी रोडवरच्या खंडपीठात याचिका चालते, मंडळ भोपाळला असलं तरी.

बुऱ्हाणपूर आणि खंडव्याच्या मुलांची इथे हमखास गफलत होते. घर इंदूरजवळ, बोली आपली, बस दिवसभर. पण हे दोन्ही जिल्हे जबलपूरच्या मुख्य पीठाकडे आहेत. ग्वाल्हेर, मुरैना, भिंड, शिवपुरी, गुना, दतिया, विदिशा ग्वाल्हेरकडे.

९. पुण्याचे मामा म्हणतात, आधी मॅटमध्ये जा. खरं का?

मामांचं महाराष्ट्रापुरतं खरं आहे. तिथे राज्याच्या नोकरभरतीचे वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात सुरू होतात. मध्य प्रदेशचं तसं न्यायाधिकरण दोन दशकांपूर्वीच बंद झालं. इथे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली थेट हायकोर्टात रिट याचिका करायची.

भरतीची रचनाही दोन्हीकडे वेगळी आहे. महाराष्ट्रात शिपाई भरती जिल्हा आणि घटकवार होते, इथे सगळ्या राज्याची एकच परीक्षा. त्यामुळे तिकडच्या नातेवाइकाची याचिका उतरवून इकडे नाव बदलून लावू नका. वकील मंडळी हे पहिल्या पानावरच ओळखतात.

१०. किती दिवसांत केस करावी लागते?

रिट याचिकेला ठरावीक मुदत नाही, पण उशीर झाला की हात रिकामे राहतात. अंतिम उत्तरतालिका आणि निकाल लागल्यावर काही आठवड्यांतच जा. निवड झालेली मुलं तिघरा किंवा पचमढीच्या ट्रेनिंग स्कूलला रवाना झाली की 'आता घडी विस्कटायची नाही' याकडे कोर्टाचा कल झुकतो.

संपूर्ण भरतीला स्थगिती क्वचितच मिळते. मागायचंच तर एवढं मागा : एक पद रिकामं ठेवा, किंवा पुढच्या नेमणुका याचिकेच्या निकालाच्या अधीन राहतील असा आदेश द्या. एकल न्यायाधीशांनी याचिका फेटाळली तर दोन न्यायाधीशांपुढे रिट अपील करता येतं, त्याची मुदत ४५ दिवस.

११. मी जिंकलो तर आधी लागलेल्या मुलांना काढतील का?

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण शेजारचं, छत्तीसगडचं आहे. तिथल्या सुबेदार, प्लाटून कमांडर आणि उपनिरीक्षक भरतीत काही प्रश्न आणि काही उत्तरं चुकीची निघाली. फेरमूल्यमापन झालं, यादी बदलली, आणि आधी नेमलेले काही जण यादीबाहेर गेले. ते सुप्रीम कोर्टात गेले. विकास प्रताप सिंह विरुद्ध छत्तीसगड राज्य, २०१३.

कोर्टाने दोन्ही बाजू सांभाळल्या. फेरमूल्यमापन योग्यच होतं असं म्हटलं. पण या मुलांनी कसलीही लबाडी केली नव्हती, चूक परीक्षा घेणाऱ्यांची होती, आणि त्यांची काही वर्षांची नोकरीही झाली होती. म्हणून त्यांना नोकरीत ठेवलं, मात्र ज्येष्ठतेत नव्या यादीच्या तळाशी. त्याच वर्षी बिहारच्या कनिष्ठ अभियंता भरतीतही कोर्टाने असाच तोडगा काढला.

म्हणून याचिकेत 'त्यांना काढा' असं लिहिण्यापेक्षा 'मला माझ्या गुणांप्रमाणे जागा द्या' असं लिहिणं शहाणपणाचं. मागणी जितकी कमी लोकांना दुखावते, तितकी ती मान्य होण्याची शक्यता जास्त.

१२. त्याच प्रश्नावर दुसऱ्याने केस जिंकली. मला आपोआप गुण मिळतील?

बहुधा नाही. कोर्ट अनेकदा दिलासा याचिका करणाऱ्यांपुरता ठेवतं, आणि कुंपणावर बसून निकाल पाहणाऱ्यांना नंतर दारात उभं करत नाही. आदेशात 'सर्व उमेदवारांचा निकाल सुधारा' असं असेल तरच फायदा सगळ्यांना मिळतो. आदेशाचा शेवटचा परिच्छेद वाचा, बातमीचा मथळा नव्हे.

१३. मी ओबीसी मुलगी. खुल्या गटातल्या शेवटच्या मुलीपेक्षा माझे गुण जास्त, तरी निवड नाही. ही गुणांचीच चूक ना?

गुण बरोबर आहेत, यादी लावण्यात चूक आहे. आणि अशी केस उत्तरतालिकेच्या केसपेक्षा कितीतरी मजबूत असते, कारण इथे प्रश्न कायद्याचा असतो, विषयज्ञानाचा नसतो. प्रश्न ३ मधली अडचण येतच नाही.

उत्तर प्रदेशच्या शिपाई भरतीत नेमकं हेच घडलं. ओबीसी मुलीचे गुण २७६.५९४९, खुल्या गटात निवडलेल्या शेवटच्या मुलीचे २७४.८२९८. सरकारचं म्हणणं असं की खुल्या गटातल्या महिलांच्या जागा फक्त बिनराखीव मुलींसाठी. डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते साफ नाकारलं : खुला गट हा कोणा एका वर्गाचा कोटा नाही, तो गुणांवर सगळ्यांना खुला आहे. तुमची स्थिती अशी असेल तर वेळ घालवू नका.

१४. माझा निकाल 'होल्ड'वर आहे. गुणांत गडबड आहे का?

बहुतेक वेळा नाही. ओबीसी आरक्षण १४ वरून २७ टक्के करण्याच्या वादामुळे राज्यात २०२२ पासून ८७-१३ ची पद्धत आली : ८७ टक्के जागांचा निकाल लागतो, १३ टक्के राखून ठेवला जातो. ती लढाई वेगळी आहे. तिच्यात उत्तरतालिकेचा मुद्दा घुसडू नका.

१५. आमचं जातप्रमाणपत्र जळगावचं आहे, राहतो इंदुरात.

दुसऱ्या राज्याच्या प्रमाणपत्रावर इथे आरक्षण मिळत नाही. तुमचे गुण अनारक्षित गटाच्या कटऑफशी ताडले जातात. दोन पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरांतही हे निकालाच्या दिवशीच कळतं. फॉर्म भरण्याआधी एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) कार्यालयात विचारा.

१६. दौडीचे आणि गोळाफेकीचे गुण कमी दिले. त्यालाही आपत्ती चालते?

८०० मीटर दौड, लांब उडी आणि गोळाफेक यांची नोंद मैदानावरच होते, तिला ऑनलाइन आपत्तीची खिडकी नसते. शंका असेल तर त्याच दिवशी, मैदान सोडण्यापूर्वी, तिथल्या अधिकाऱ्याला लेखी द्या आणि प्रत घ्या. महिन्याभराने 'माझी उडी जास्त होती' म्हणणाऱ्याला कोर्टात आधार सापडत नाही. व्हिडिओ चित्रीकरण होत असेल तर ते जपून ठेवण्याची मागणीही त्याच अर्जात करा.

१७. आमच्या केंद्रावर कॉपी झाली. सगळी परीक्षा रद्द करवता येईल?

गुणांच्या केसपेक्षा हे पूर्ण वेगळं आहे. कोर्ट पाहतं ते असं : गैरप्रकार सगळ्या परीक्षेत पसरला होता का, आणि दोषी उमेदवार निर्दोषांपासून वेगळे काढता येतात का? वेगळे काढता येत असतील तर परीक्षा टिकते आणि दोषींवर कारवाई होते. २०२४ च्या नीटमध्ये फेरपरीक्षा याच कसोटीवर नाकारली गेली.

मध्य प्रदेशाला याचा जुना अनुभव आहे. २०१३ च्या आरक्षक भरतीतल्या तोतया उमेदवारांच्या प्रकरणात भोपाळच्या सीबीआय कोर्टाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ३१ जणांना दोषी ठरवलं. तुमच्याकडे ठोस माहिती असेल तर आधी पोलिसांत लेखी तक्रार द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पेपरच्या फोटोवर याचिका उभी राहत नाही, आणि तो फोटो तुम्ही पुढे पाठवला असेल तर अडचण तुमचीच.

१८. खर्च झेपत नाही. काय करू?

एकाच शिफ्टमधली, एकाच प्रश्नावर अडलेली मुलं मिळून याचिका करू शकतात. फी वाटली जाते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे उमेदवार आणि ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. इंदूर खंडपीठातच विधी सेवा समितीकडे अर्ज द्या.

वकिलाकडे जाताना रिस्पॉन्स शीट, दोन्ही उत्तरतालिका, आपत्तीची पावती, नियमपुस्तिका, निकाल आणि पुस्तकाची पानं घेऊन जा. आणि त्यांना एकच गणित विचारा : हा प्रश्न माझ्या बाजूने सुटला तर माझे गुण कटऑफच्या वर जातात का? कटऑफ ७८ आणि तुमचे ७४ असतील, वादात प्रश्न एकच असेल, तर केस जिंकूनही नोकरी मिळणार नाही. तेवढे पैसे पुढच्या भरतीच्या फॉर्मसाठी ठेवा.